न दिसणाऱ्या धुराचा साहेब

डेपोत त्याला सगळे जाळीसाहेब म्हणायचे. त्यातला 'साहेब' आदराचा नव्हता, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बसच्या पोटाखाली उताणा पडून सायलेन्सरशी झोंबणाऱ्या, कानापर्यंत काजळी फासलेल्या मेकॅनिकला साहेब म्हणतात ते चेष्टेनंच. पण त्यानं ते नाव कधी झटकलं नाही. "साहेब नसेन," असं तो स्वतःच म्हणायचा, "पण जाळी आहे ना. निदान अर्धं नाव तरी खरं आहे."

जाळी म्हणजे काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची सगळी फजिती डोक्यावरून जाईल. डिझेलच्या इंजिनात एवढी आग होते की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटून एक वायू तयार होतो. नायट्रोजन ऑक्साइड हे त्याचं पूर्ण नाव, पण डेपोत त्याला नॉक्स म्हणत. काजळी बिचारी प्रामाणिक, डोळ्यांना दिसते, रुमालाला लागते. हा नॉक्स मात्र दिसत नाही, हाताला लागत नाही. गुपचूप छातीत शिरतो आणि आधीच अधू झालेल्या छातीचे हाल करतो. त्याला मारायचा उपाय असा, की धूर बाहेर पडायच्या वाटेवर भाजलेल्या विटेसारखा एक ठोकळा बसवायचा. ठोकळ्याला आरपार बारीक भोकं, म्हणून ती जाळी. भोकांना आतून लेप दिलेला. आणि जाळीच्या अलीकडे युरियाच्या पाण्याचा फवारा. तापलेल्या धुरात युरियाचा अमोनिया होतो, जाळीतल्या लेपावर त्याची आणि नॉक्सची गाठ पडते, दोघं एकमेकांना संपवतात, आणि बाहेर येतो तो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ.

"लेपाचं काय होतं मग?" असं कुणी विचारलंच, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "काही नाही होत. लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखा आहे तो. दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः होता तसाच, पुढच्या जोडीला मोकळा."

या सगळ्याला अट मात्र एकच. जाळी चांगली तापलेली पाहिजे. गार जाळी म्हणजे नुसती भोकं.

आता एवढं सगळं शिकलेल्या माणसाला घरात काय मान असेल? शून्य. त्याच्या मेव्हण्याचं केस कापायचं दुकान होतं, त्याचं काम निदान लोकांच्या डोक्यावर दिसायचं. धाकटा भाऊ घरांना रंग द्यायचा. रस्त्यानं जाताना बोट दाखवून सांगायचा, ही भिंत माझी. आमच्या जाळीसाहेबांनी बोट कशाकडे दाखवायचं? नातेवाईक जमले की कुणीतरी विचारायचंच, "तू नेमकं करतोस तरी काय रे?" आणि तो मोठ्या उत्साहानं सुरू व्हायचा. नायट्रोजनपर्यंत दोघं उठून जायचे, अमोनियापर्यंत सगळे. शेवटी आई तेवढी उरायची, कारण तिचे गुडघे दुखायचे म्हणून तिला पटकन उठता यायचं नाही.

"म्हणजे बघ," आई म्हणायची, "हा जो तुझा वायू आहे, तो आधी दिसत होता का?"

"नाही."

"आणि आता?"

"आता तर नाहीच नाही."

"मग तू केलंस काय?"

उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते पुन्हा नायट्रोजनपासून सुरू व्हायचं.

आई ही साधीसुधी आई नव्हती. जन्मभर त्याच डेपोत ती कंडक्टर होती, आणि निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी डेपो तिला कंडक्टरबाईच म्हणायचा. आवाज असा, की मागच्या दारात उभं राहून "पुढे सरका" म्हटलं तर ड्रायव्हरसुद्धा दोन बोटं पुढे सरकायचा. त्या आवाजाचा कारखाना मात्र आता बिघडला होता. डेपोची शेड म्हणजे वरून पत्रा, तीन बाजूंनी भिंती, आणि पहाटेपासून आत इंजिनं सुरू. तिथं उभं राहून आयुष्यभर हिशेब घेतला-दिला, त्याचं बक्षीस म्हणून छातीत कायमची घरघर बसली. जिना चढताना दोनदा थांबायची. पिशवीत पंप असायचा, दम लागला की तोंडात फवारा मारायचा.

आणि तरीही रोज सकाळी आवरून बाई डेपोत हजर. शेडमध्ये फाटकाजवळ एक बाक होता. त्यावर ती, आणि लंबू नावाचा एक निवृत्त ड्रायव्हर, आणि अधूनमधून येणारे आणखी दोघं. कोणती बस उशिरा सुटली, कोणत्या नव्या ड्रायव्हरनं फाटकाला आरसा घासला, कोणत्या कंडक्टर मुलीला सुट्टी नाकारली, सगळ्याचा न्यायनिवाडा त्या बाकावर. मुली रडत यायच्या आणि अर्ज कसा लिहायचा ते शिकून जायच्या. घरी ती गोळ्या मोजणारी म्हातारी होती. बाकावर ती कंडक्टरबाई होती.

एकदा तिला फारच दम लागला म्हणून तो डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली, आणि विचारलं, "दिवसभर कुठे असता?"

"डेपोत," आई अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या छातीत आता उधळपट्टी करण्याएवढं काही उरलेलं नाही. त्या शेडमध्ये बसणं बंद करा. नाहीतर मग डेपोची हवा तरी बदला."

दुसरं वाक्य डॉक्टर चिडून बोलले होते. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला ते कळलं असतं. पण जाळीसाहेबांना तो कामाचा हुकूम वाटला. आईला बाकावरून उठवायची हिंमत कुणात नव्हती, त्याच्यात तर अजिबात नाही. मग हवाच बदलायची! सोपं काम!

योग असा, की त्याच सुमारास वरच्या ऑफिसनं जुन्या बसना जाळ्या बसवायचं ठरवलं होतं. हा पठ्ठ्या मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागला. आपल्याच डेपोत आधी बसवा, मी करतो, प्रशिक्षण मी घेतलंय, रविवारीही येतो. मॅनेजर हा कटकटीला कंटाळून हो म्हणणारा माणूस होता. तो हो म्हणाला.

मग त्यानं खरंच जीव तोडून काम केलं, हे मान्य करायला हवं. एकेका बसखाली सरपटत शिरून त्यानं जाळ्या बसवल्या, युरियाच्या टाक्या बसवल्या, वायरी ओढल्या. बस फेरी करून आली की धुराच्या नळीला यंत्र लावून बघायचा. आधी नॉक्सचा नुसता लोट असायचा, आता जेमतेम नावाला. पहिल्यांदा तो आकडा बघितला तेव्हा त्यानं यंत्राचा मुकाच घ्यायचा बाकी ठेवला होता. घरी जाऊन आईला सांगितलं, "नव्वद टक्के गेला!"

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे... संपला."

"दिसला का जाताना?" आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

पण एक गोष्ट त्याला टोचत होती. फेरी करून आलेल्या बसची जाळी तापलेली असते. सकाळी पहिल्यांदा सुटणाऱ्या बसचं काय? ती तर थंडगार. धूर पुरेसा तापल्याशिवाय यंत्रणा युरियाचा फवाराच सोडत नाही. म्हणजे सकाळी बस फाटकाबाहेर पडते तेव्हा जाळी असून नसल्यासारखी. आता हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लोकांना पडलेला आहे, त्यावर प्रयोगशाळा चालतात. पण आमच्या साहेबांना वाटलं, आपण सोडवून टाकू.

पहिला उपाय त्यानं केला तो असा, की एका बसची यंत्रणा फिरवून फवारा गार धुरातच सुरू केला. परिणाम झकास झाला. गार नळीत युरियाचं पाणी आटलं, त्याचा पांढरा खडा झाला, खड्यावर खडा चढला, आणि दोन दिवसांत नळी गच्च. बस भर चौकात घुसमटून बंद पडली. प्रवासी उतरले, मागची वाहनं बोंबलली, बस ओढून आणावी लागली. नळी कापली तर आत दगडासारखं पांढरंशुभ्र काहीतरी. तो छिन्नी-हातोडा घेऊन ते फोडत बसला होता तेव्हा अख्खं वर्कशॉप भोवती जमलं.

"साहेब, मूर्ती घडवताय का?" एकजण म्हणाला.

"हो," तो घाम पुसत म्हणाला. "गाढवाची. आरशात रोज दिसतं, तेच आठवून करतोय."

दुसरा उपाय मात्र त्याला फारच आवडला. साधा होता, स्वस्त होता, आणि त्यानं तो चक्क करून बघितला होता. बस फाटकाबाहेर न्यायच्या आधी जागेवरच इंजिन चालू ठेवायचं. बराच वेळ. जाळी जागेवरच गरम होईल आणि बस रस्त्यावर पडेल ती शुद्ध होऊनच. यानं एक बस घेतली, उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवलं, आणि अर्ध्या तासानं जाळीची उष्णता मोजली. उत्तम! फवारा चालू, नॉक्स गायब. मॅनेजरची सही घेतली आणि सूचनाफलकावर हुकूम लावला. सकाळच्या सगळ्या बस वेळेच्या बऱ्याच आधी सुरू करून उभ्या ठेवायच्या.

ड्रायव्हर खूश झाले, कारण केबिन उबदार व्हायला लागली. मॅनेजर खूश झाला, कारण ड्रायव्हर वेळेवर यायला लागले. आणि आई? चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना आईनं ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "शेडमधली हवा बदलली बरं का तुझी."

त्याचा घास हातातच राहिला. "खरं?"

"खरं म्हणजे काय? मी जन्म काढलाय तिथं. मला कळत नाही होय? हलकी झालीय हवा."

अहो, या बाईनं त्याचा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा "दुसरा कोण आला?" एवढंच विचारलं होतं. त्या आईच्या तोंडून कौतुक! तो दिवसभर शीळ घालत हिंडला. दुसऱ्या दिवशी लंबूनं फाटकात अडवून त्याची पाठ थोपटली. "तुझी आई सांगत असते सगळ्यांना. पोरानं हवा धुतली म्हणते." त्याला वाटलं, आपण आता मेव्हण्याच्या आणि भावाच्या पंक्तीत बसलो. आपलंही काम कुणालातरी दिसलं.

बायकोनं तेवढ्यात एकदा म्हटलं होतं, "आई हल्ली आडव्या झोपत नाहीत. उशा रचून बसूनच झोपतात." बायको एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची, तिला माणसं न्याहाळायची सवय होती. त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, "वय झालं की पाठ मागते उशी." त्यानं ते लगेच मानलं. मानायला किती सोयीचं होतं!

मग वरच्या ऑफिसची माणसं डेपो बघायला येणार असं ठरलं. नुसत्या नळ्या नकोत, आवारातली हवा कशी सुधारली तेही दाखवा, असा निरोप आला. आमच्या साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जाळ्या बसवायच्या आधी त्यानं त्या बाकाजवळची हवा एकदा मोजून ठेवली होती. आता पुन्हा मोजायची, दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे, की झालं.

ती माणसं येणार त्या दिवशी सकाळीच तो हवा मोजायचं हातातलं यंत्र घेऊन शेडमध्ये गेला. सगळ्या बस ओळीनं उभ्या, सगळ्यांची इंजिनं घरघरतायत, त्याच्या हुकुमानं. बाकावर लंबू एकटाच होता. शेजारी आईची पिशवी होती, आई नव्हती. त्यानं यंत्र मोठ्या दिमाखात पिशवीशेजारी ठेवलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

आकडा चढला. चढत राहिला. जुन्या आकड्यापाशी आला तेव्हा त्याला वाटलं, आता थांबेल. तो जुन्या आकड्याला मागे टाकून वर गेला.

"बिघडलंय," तो म्हणाला.

त्यानं यंत्र हलवलं. बॅटरी काढून शर्टाला पुसून पुन्हा घातली. फुंकर मारली. मग यंत्र घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर गेला, तर आकडा झरझर उतरला. परत बाकाशी आला, आकडा चढला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. लंबू त्याची ही ये-जा मान हलवत बघत होता.

"काय, व्यायाम चाललाय का?"

सगळ्यात जवळच्या बसखाली तो तसाच शिरला आणि जाळीला उष्णतामापक लावला. इंजिन कधीचं सुरू होतं, आणि जाळी जेमतेम कोमट. पुढची बस, तीही कोमट. त्या पुढचीही. एकाही बसचा फवारा सुरू झालेला नव्हता.

आणि तिथं, बसखाली उताण्या अवस्थेत, त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं जी बस तपासली होती, ती दुपारी फेरी करून नुकतीच आत आली होती. तिची जाळी आधीच रसरसून तापलेली होती! उभं इंजिन तिला गरम करत नव्हतं, नुसतं गार होऊ देत नव्हतं. उकळतं पातेलं मंद आचेवर ठेवून त्यानं ठरवलं होतं, की मंद आचेवर पाणी उकळतं. इंजिन ओझं ओढेल तेव्हा धूर तापणार. उभ्या बसला कसलं ओझं? म्हणजे इतके दिवस रोज सकाळी, तीन बाजूंनी बंद शेडमध्ये, डेपोतल्या साऱ्या बस नुसत्या नॉक्स ओकत उभ्या होत्या. पूर्वी थोडा वेळ ओकायच्या, आता बराच वेळ. आणि ती सगळी घाण जायची कुठे, तर ज्या बाकासाठी हा खटाटोप केला, त्याच बाकावर.

तो बसखालून बाहेर आला आणि आईला शोधायला लागला.

ती टायरच्या चळतीमागे होती. भिंतीला एक हात टेकून, वाकून, तोंडात पंप. खांदे प्रत्येक श्वासाला वर ओढले जात होते. त्याची चाहूल लागताच तिनं पंप मुठीत दडवला.

"आई?"

"काही नाही. इथं... जरा... सावली आहे."

"शेडमध्ये सगळीकडेच सावली आहे!"

तिनं हातानंच थांब म्हणून खूण केली. दोन वाक्यांमध्ये तिला पाच श्वास लागत होते. त्यानं तिला धरून मागच्या दारानं बाहेर मोकळ्यात नेलं, एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसवलं. बऱ्याच वेळानं खांदे खाली आले.

"कधीपासून चाललंय हे?" त्यानं विचारलं.

"तू ती इंजिनं चालू ठेवायला लावलीस ना," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तेव्हापासून जरा जास्त."

"मग बोलली का नाहीस? माझ्या चहात साखर कमी-जास्त झाली तर तू चार घरांना ऐकू जाईल एवढं बोलतेस!"

"साखरेचं वेगळं."

"काय वेगळं? आणि ती हवा हलकी झाली म्हणत होतीस ती?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "पहिले दोन दिवस वाटली होती बाबा मला हलकी. शपथेवर. तू एवढा राबत होतास, मला वाटलं झाली असेल. मग मी सांगत सुटले. लंबूला सांगितलं, त्या नव्या पोरींना सांगितलं, डॉक्टरलासुद्धा फोन करून सांगितलं, की तुम्ही म्हणालात ना हवा बदला, माझ्या पोरानं बदलली. एवढं सगळ्यांना सांगून बसल्यावर..." तिला पुन्हा धाप लागली. "त्यांच्यासमोर बसून मीच कशी खोकू?"

स्वतःवर विनोद करायची त्याला जन्मजात सवय होती. कुठलीही फजिती झाली की दुसऱ्यानं हसायच्या आत तो स्वतः हसून घ्यायचा. त्या क्षणी मात्र तो आईच्या मुठीतल्या पंपाकडे बघत राहिला. रोज सकाळी खोकला आला की ही बाई गुडघे दुखत असताना उठून टायरच्या मागे जात होती. त्याची लाज राखायला. आणि तो शीळ घालत हिंडत होता. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

"रडतोस काय?" आई म्हणाली. "जा, आधी ती इंजिनं बंद कर."

मग तो धावला. एकेका बसच्या दारावर तळहातानं बडवत तो ओरडत सुटला, "बंद करा! इंजिन बंद!"

एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, हुकूम आहे. फलकावर लावलाय."

"ज्यानं लावला तो महामूर्ख आहे!"

"कोण?"

"मी! बंद कर ना राजा!"

शेड हळूहळू शांत झाली. ती शांतता ऐकून मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, कारण डेपोत सकाळी शांतता म्हणजे संप. जाळीसाहेबांनी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आकडा, जाळी, पातेलं, सगळं. मॅनेजरचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"आज?" तो म्हणाला. "पाहुणे तासाभरात येणार, आणि तुला हे आज कळलं?"

"काल कळलं असतं तर मीही खूश झालो असतो, सर."

"त्यांना नळीचे आकडे दाखव आणि गप्प बस. नळीचे आकडे खोटे आहेत का?"

"नाही. तापलेल्या बसचे खरे आहेत."

"मग?"

"मग माझी आई त्या बाकावर बसते, सर," तो म्हणाला.

पाहुणे आले तेव्हा त्यानं नळीचा आकडा दाखवला आणि बाकाचाही दाखवला. हुकूम कुणाचा, हे त्यांनी विचारल्यावर त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोट दाखवायला काहीतरी मिळालं होतं. पाहुण्यांपैकी एकजण हसला, एकानं नाराजीनं टिपून घेतलं, आणि मॅनेजर पुढे बरेच दिवस त्याच्याशी फक्त मान हलवून बोलायचा.

फलकावरचा कागद त्यानं स्वतः फाडला. नवी पद्धत अशी ठरली, की इंजिन सुरू झालं, ब्रेकच्या टाकीत पुरेशी हवा भरली, की बस लगेच बाहेर. उभं राहायचं नाही. फाटकाबाहेर चढ होता, तो चढताना इंजिनाला ओझं पडायचं आणि माथ्यावर पोचेपर्यंत जाळी कामाला लागायची. त्या चढापर्यंतचा नॉक्स मात्र तसाच बाहेर पडायचा. त्यावर उपाय त्याच्याकडे नव्हता, आणि या खेपेला नाही म्हणजे नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं.

हे सगळं त्यानं घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आणि तो बाक? तो जमिनीत गाडलाय का?"

"नाही. का?"

"मग उचलून फाटकाबाहेर नाही ठेवता येत?"

त्यानं कपाळावर हात मारला. एवढं रसायनशास्त्र पणाला लावलं, नळ्या कापल्या, भर चौकात बस बंद पाडली, आणि बाकाला चार पाय आहेत हे त्याला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणि तीन ड्रायव्हरांनी बाक उचलून फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत नेला. आईनं आधी कुरकुर केली. पण उशिरा येणारे ड्रायव्हर तिथून लांबवरूनच दिसतात, हे कळल्यावर बाई राजी झाल्या.

काही दिवसांनी सकाळची गर्दी ओसरल्यावर तो तिच्या शेजारी जाऊन बसला. पलीकडे लंबू होता, दोन नव्या कंडक्टर मुली उभ्या होत्या. यंत्राचा आकडा त्यानं बघितला होता, चांगला उतरला होता.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"छान," आई म्हणाली.

त्या 'छान'वर आता त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि ते तिलाही कळत होतं. त्यानं तळहात तिच्या पाठीवर सपाट ठेवला. आत घरघर होती.

"काय रे? सायलेन्सर आहे का मी?"

"खरं सांग, आई."

तिनं पदर सावरला. मग मुलींसमोर, लंबूसमोर, नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली, "खरं सांगू? दम लागतो. परवापेक्षा कमी, पण लागतोच. घरून इथवर येताना दोनदा थांबले. आता बोलतानाही लागतोय. हे आता माझ्याबरोबरच जायचं. तुझी जाळी माझ्या छातीत बसत नाही रे बाबा."

"नाही बसत," तो म्हणाला.

मग तिला खोकला आला. उठायला म्हणून तिनं सवयीनं गुडघ्यावर हात टेकला. त्यानं पाठीवरचा हात काढला नाही. तशी ती परत टेकली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, पोटभर खोकली.